अनेकांचे एक गणित

इसवी सन १९२२ मध्ये लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हवामानाच्या गणितावरील आपल्या ग्रंथात एक विलक्षण कल्पनाचित्र रेखाटले. एक विशाल वर्तुळाकार सभागृह, त्याच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा, आणि नकाशाच्या एकेका भागाचे गणित करीत बसलेले ६४,००० माणसी गणक! प्रत्येकाचा आकडा शेजाऱ्यांना दिसेल अशा फलकावर झळके. मधल्या मनोऱ्यावरील संचालक पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी प्रकाश टाकी, मागे रेंगाळणाऱ्यांवर निळा.

या कल्पनेमागे कष्टाचा अनुभव होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका-पथकात असताना रिचर्डसनने २० मे १९१० या दिवसाच्या हवामानाचे गणित हाताने मांडून पाहिले होते. अवघ्या सहा तासांच्या अंदाजाला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तरही साफ चुकले. वारा काही गणकासाठी थांबत नाही. तेव्हा गणकच पुष्कळ हवेत, हे त्याने ओळखले.

संगणक-समूहाचे मर्म याच चित्रात आहे. मोठे काम तुकड्यांत वाटावयाचे, प्रत्येक यंत्राने आपला वाटा उचलावयाचा, सीमेवरचे आकडे शेजाऱ्याला कळवावयाचे, आणि सर्वांनी एकाच तालात पुढचे पाऊल टाकावयाचे. काम देणाऱ्याला मात्र एकच यंत्र दिसते. तथापि नुसती संख्या वाढवून भागत नाही. जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली दाखविलेली मर्यादा येथे आडवी येते: कामाचा विसावा हिस्सा जरी वाटता येत नसेल, तरी यंत्रे कितीही जोडा, वेग वीसपटींपलीकडे जात नाही. शिवाय निरोपांच्या देवघेवीत वेळ जातो, तो निराळाच.

१९९४ साली अमेरिकेतील नासाच्या गोडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांचे १६ संगणक तारांनी जोडून ‘बेवुल्फ’ उभा केला. लिनक्स ही खुली प्रणाली त्यांच्या हाताशी होती. महागड्या एकट्या यंत्राची मक्तेदारी ढळू लागली.

भारताला हा धडा गरजेने त्यापूर्वीच शिकविला होता. हवा तितका शक्तिशाली महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यातील ट्रान्सप्युटर नावाच्या प्रत्येक चकतीला बोलण्यासाठी चार वाटा होत्या. जणू रिचर्डसनचा गणक आणि त्याचे शेजारीच! पुढे १९९८ च्या ‘परम १००००’ ने स्वतंत्र संगणक जोडण्याचा मार्ग धरला.

२०१८ साली पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ‘प्रत्यूष’ सुरू झाला, आणि १२ किलोमीटरच्या जाळ्यावर पृथ्वीच्या हवामानाचे अंदाज मांडले जाऊ लागले. पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्याला त्या जाळ्यातील गणकांची संख्या ठाऊक असण्याचे कारण नाही. पाऊस येण्यापूर्वी उत्तर येते की नाही, एवढेच त्याला पाहावयाचे असते. रिचर्डसनच्या सहा आठवड्यांनी विचारलेला प्रश्नही हाच होता.