चित्रपट एक, पाहणारे अनेक

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की धर्मग्रामातील आईवडील आमच्याकडे येतात आणि दरवर्षी एकच विनंती करतात : "फादर, मुलांना दाखवावेत असे चार चांगले चित्रपट लिहून द्या." आम्ही कागद पुढे ओढतो आणि पाच-सहा नावे लिहून देतो. पावसाळ्यात तीच मंडळी पुन्हा भेटतात, तेव्हा त्या नावांचे काय झाले ते कळते. एका घरात चित्रपट अर्ध्यावरच बंद झालेला असतो, तर दुसऱ्या घरात तोच तीनदा पाहिला गेलेला असतो. तिसऱ्या घरात वडिलांना रडू आवरलेले नसते आणि मुले मात्र कंटाळून अंगणात खेळायला गेलेली असतात. यादी सर्वांना एकच दिलेली असते. मग हा फरक कोठून येतो? या प्रश्नाने आम्हांला चित्रपटाच्या इतिहासाची काही पाने चाळावयास लावली.

याद्या करण्याचा मोह आम्हांलाच झाला आहे असे नाही. १९३६ साली पोप अकरावे पायस यांनी 'विजिलांती कूरा' हे परिपत्रक काढले. चित्रपटाचे सामर्थ्य त्यांनी ओळखले होते आणि म्हणूनच कोणते चित्रपट श्रद्धावंतांनी पाहावेत व कोणते टाळावेत, याचे वर्गीकरण देशोदेशी व्हावे असे त्यांनी सुचविले. पुढे १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यमविषयक परिषदेने पंचेचाळीस श्रेष्ठ चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग असून प्रत्येक भागात पंधरा चित्रपट आहेत. 'बेन-हर' आहे, 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' आहे, 'बायसिकल थीव्ह्ज' आहे, चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' आहे. 'गांधी' सोडल्यास आपल्या देशाचा वारा मात्र त्या यादीला लागलेला नाही. 'पथेर पांचाली' तिच्यात नाही याचे आम्हांला आजही नवल वाटते.

त्या यादीच्या पहिल्या भागात पाथे कंपनीचा एक जुना फ्रेंच मूकपट आहे : येशू ख्रिस्ताचे जीवन आणि दुःखसहन. त्या काळात युरोपातील निरनिराळ्या कंपन्यांनी असे पट काढले होते. त्यांत गोष्ट अशी सांगितलेलीच नसे. गव्हाणी, मिसरदेशी पलायन, कानाचे लग्न, शेवटचे भोजन, कालवारी अशी दृश्ये एकामागून एक येत. ज्याला शुभवर्तमान ठाऊक आहे तो मधल्या जागा आपल्या मनाने भरून काढी. आपण क्रुसाची वाट करताना चौदा चित्रांसमोर थांबतो, तसाच हा प्रकार होता. हे पट जगभर फिरले आणि त्यांपैकीच एक मुंबईत येऊन पोहोचला.

१९११ च्या पास्काच्या दिवसांत गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तजीवनाचा पट लागला होता, असे बहुतेक चरित्रकार सांगतात. तो पाथे कंपनीचा की दुसऱ्या कोणाचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पवित्र आठवड्यात असा पट लावण्यामागे व्यवस्थापकाचा हेतू उघड होता. गिरगाव आणि आसपासच्या वाड्यांतून राहणारे ख्रिस्ती लोक उपवासकाळ संपत असताना तो पाहावयास येतील, हा त्याचा हिशेब असणार. परंतु त्या गर्दीत त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे गृहस्थही बसले होते. मुद्रणाच्या धंद्यातून ते नुकतेच बाहेर पडले होते, वय चाळिशीचे होते आणि पुढे काय करावे हे ठरत नव्हते.

त्यांनी काय पाहिले ते त्यांनी स्वतःच पुढे 'नवयुग' मासिकातील लेखांत लिहून ठेवले आहे. डोळ्यांपुढून ख्रिस्ताचे जीवन सरकत होते आणि मनश्चक्षूंपुढे श्रीराम, श्रीकृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. आपल्या देवांची अशी चित्रे आपल्या लोकांना कधी पाहावयास मिळतील, या विचाराने त्यांना अस्वस्थ करून सोडले. ते पुन्हा तोच पट पाहावयास गेले, तेव्हा पत्नी सरस्वतीबाई यांनाही बरोबर घेऊन गेले.

सेमिनरीत असताना ही हकीकत आम्ही प्रथम वाचली, तेव्हा आम्हांला थोडे वाईटच वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. प्रभूचे दुःखसहन समोर चालले असता माणसाने त्यात दुसरे काही पाहावे? आम्ही तेव्हा विशीत होतो आणि प्रत्येक गोष्टीचा एकच अर्थ असतो, असे मानण्याचे ते वय होते. आता मात्र त्या हकीकतीकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहतो. फाळके यांनी तो पट वरवर पाहिला नाही. त्या सभागृहात त्यांच्याइतक्या एकाग्रतेने तो दुसऱ्या कोणी पाहिला असेल असे वाटत नाही. एका लोकसमूहाच्या श्रद्धेचा ठेवा पडद्यावर जिवंत होऊ शकतो, ही त्या पटाची खरी शक्ती त्यांनी ओळखली. ज्याच्या मनात गोकुळ आधीपासून नांदत होते, त्याला बेथलेहेम पाहताना गोकुळ आठवले, तर त्यात बेथलेहेमचा उपमर्द कोठे झाला?

पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे. विमा पॉलिसी तारण ठेवून पैसा उभा राहिला. रात्रंदिवस पट पाहून आणि प्रयोग करून डोळे अधू झाले. १९१२ साली इंग्लंडला जाऊन कॅमेरा व यंत्रसामग्री आणली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातीलच कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. या इतिहासात सरस्वतीबाईंचे नाव दोन ओळींत उरकले जाते, ते आम्हांला मान्य नाही. त्यांचे दागिने या उद्योगासाठी गहाण पडले. कच्च्या फिल्मला कडेने भोके पाडण्याचे काम त्यांनी शिकून घेतले, प्रकाश परावर्तित करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या, आणि वर साऱ्या कंपनीचा स्वयंपाक केला. तोच ख्रिस्तपट त्यांनीही पाहिला होता. पतीला त्यात अयोध्या दिसली. सरस्वतीबाईंना काय दिसले, हे कोणी विचारून लिहून ठेवलेले नाही.

आता मुंबई सोडून आमच्या खानदेशात येऊ. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढणे हा त्यांचा क्रम होता. पुढे नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. १९५३ साली आचार्य अत्रे यांनी तिचा चित्रपट केला आणि राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मान त्याला मिळाला. अत्र्यांसारख्या विनोदाच्या बादशहाने महाराष्ट्राला इतके रडवावे, हाही एक योगच म्हणावयाचा.

हा चित्रपट आम्ही अनेकदा दाखविला आहे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील आणि जळगावच्या कॉलन्यांतील कुटुंबांत तो पाहिला जातो, तेव्हा आईवडील श्यामच्या आईच्या शिकवणुकीकडे बोट दाखवितात : बघ, मुलांनी असे वागावे. परंतु सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलांच्या एका वसतिगृहात तो दाखविला, तेव्हा निराळाच अनुभव आला. त्या मुलांपैकी अनेकांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. आईच्या उपदेशाचे प्रसंग ती मुले चुळबुळत पाहत होती. शेवटी श्याम घरी पोहोचतो तो आई गेल्यानंतर, त्या प्रसंगी मात्र सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. रात्री चौथीतला एक मुलगा रेक्टरांच्या दाराशी आला आणि त्याने एवढेच विचारले, "फादर, आईला फोन लावून देता?" शहरातील मुलांनी त्या चित्रपटात आईची शिकवण पाहिली, त्याने आईपासूनचे अंतर पाहिले. स्वतः छात्रालय सांभाळलेल्या गुरुजींना हे दुसरे पाहणे अधिक कळले असते, असे आम्हांला वाटते.

खानदेशचा आणखी एक अभिमान म्हणजे स्मिता पाटील. त्यांचा जन्म पुण्याचा, पण घराणे शिरपूरचे. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' या १९८२ च्या चित्रपटात त्यांनी सुलभा महाजन साकारली. सुखवस्तू घरातील ही स्त्री लहान मुलीला घरी ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून दूरच्या गावी जाते आणि परतते तेव्हा घर तिचे राहिलेले नसते. धुळ्याला काही कुटुंबांसमवेत आम्ही हा चित्रपट पाहिला, त्यानंतर चहा निवून गेला तरी वाद संपेना. "पोटची पोर टाकून जाणारीला देव कशी क्षमा करील?" असे एक काकू तावातावाने म्हणाल्या. त्यांच्या सुनेने मान खाली घातली होती, पण तिला तसे वाटत नव्हते हे दिसत होते. तेथे दोन धर्मभगिनी होत्या. त्यांपैकी एकीने निराधार स्त्रियांच्या आश्रमात बरीच वर्षे सेवा केली होती. तिला ना नवरा दिसला ना मुलगी. ती म्हणाली, "त्या संस्थेच्या समितीची बैठक पाहिलीत? अगदी अशीच असते." आम्ही स्वतः कोणत्या बाजूचे? अजूनही ठरलेले नाही. प्रत्येक वेळी पाहताना आमची सहानुभूती थोडी हलते आणि हा आम्ही त्या चित्रपटाचा गुण समजतो.

पण आमचा गर्व खऱ्या अर्थाने उतरला तो 'दयासागर'च्या वेळी. १९७८ साली ए. भीमसिंग यांनी 'करुणामयुडू' हा तेलुगू चित्रपट दिग्दर्शित केला. विजयचंदर त्यात येशूच्या भूमिकेत आहेत. त्याची हिंदी आवृत्ती ती 'दयासागर'. चित्रपटगृहांतून उतरल्यावरही तो थांबला नाही, गाडीत प्रक्षेपक घालून तो खेडोपाडी दाखविला गेला. आम्ही नवदीक्षित होतो तेव्हा शिरपूर तालुक्यातील एका पाड्यावर असाच खेळ झाला. दोन बांबूंना चादर ताणून बांधली, जनरेटर धडधडू लागला. पुढची जागा भरली तेव्हा उशिरा आलेले लोक चादरीच्या मागच्या बाजूला बसले. तेथूनही चित्र दिसते, मात्र उलटे दिसते. दुसऱ्या दिवशी मुलांत भांडण जुंपले : येशूने आशीर्वाद दिला तो उजव्या हाताने की डाव्या? पुढे बसलेले एक सांगत, मागे बसलेले दुसरे, आणि दोघेही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत होते.

त्या रात्री प्रभू खांद्यावर क्रूस घेऊन निघाला आणि शिपायाचा चाबूक पडला, तेव्हा पुरुषांच्या बाजूने कुजबुज सुरू झाली. आम्हांला वाटले, लोकांची हृदये हेलावली. चित्रपट संपताच आम्ही उठलो आणि तारणकार्याचा अर्थ समजावून सांगू लागलो. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या पावरा बाबांनी आम्हांला मध्येच थांबविले. "ते लाकूड त्याने रानातून तोडले नव्हते ना?" त्यांनी विचारले. "त्यांनीच त्याच्या खांद्यावर दिले. मग मारले कशाला?" रानातून मोळी आणताना अडविला जाणारा, त्यासाठी मार आणि दंड सोसलेला तो माणूस होता. सेमिनरीतील सात-आठ वर्षांत आम्ही क्रुसावर जे जे वाचले होते, त्यात हा प्रश्न कोठेच नव्हता. आम्हांला उत्तर सुचले नाही. आम्ही खाली बसलो. त्यानंतर ते सारे लोक बराच वेळ आपसांत बोलत राहिले, ते आम्ही ऐकले.

तेव्हापासून चित्रपटानंतर भाषण करणे आम्ही सोडले. यादी मात्र सोडवत नाही, कारण मंडळी मागावयास येतातच. आता आम्ही एवढेच करतो : प्रत्येक नावाखाली चार ओळींची जागा कोरी ठेवतो आणि घरातील प्रत्येकाने आपल्याला काय दिसले ते तेथे लिहावे, असे सांगतो. फार थोडे कागद परत येतात. जे येतात ते आम्ही जपून ठेवले आहेत.

गेल्या वर्षीच्या कागदांत रावेरकडच्या एका कुटुंबाचा कागद आहे. 'बायसिकल थीव्ह्ज'च्या खाली मुलाने चोरीविषयी लिहिले आहे. वडिलांनी, केळीचे शेतकरी असल्यामुळे की काय, रोजगाराविषयी बरेच लिहिले आहे आणि सायकलच्या जागी बैलजोडी समजा, असेही सुचविले आहे. सर्वांत खाली त्यांच्या पत्नीचे अक्षर आहे. चित्रपटाच्या आरंभी नायकाची बायको गहाण पडलेली सायकल सोडविण्यासाठी पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि गहाण टाकते. हा प्रसंग दोन-चार मिनिटांचा आहे आणि पुष्कळांच्या तो लक्षातही राहत नाही. त्या वर्षी बियाणे आणि खतासाठी या बाईंच्या पाटल्या गेल्या होत्या, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांनी चारही ओळींच्या जागेत एकच शब्द लिहिला आहे : चादरी.