बंब: एका शब्दाचा आणि एका विस्तवाचा प्रवास

पुण्यातील जुन्या वाड्यांच्या आठवणी कोणीही लिहो, न्हाणीघराशी ठेवलेला तांब्याचा बंब त्यांत हमखास येतो. चिंचेने घासून लखलखीत केलेला, पहाटेच्या अंधारात धुमसणारा हा बंब आता जवळजवळ काव्यविषय झाला आहे. जुन्या घरांतून तो केव्हाच गेला. त्याच्या जागी प्रथम विजेचा गिझर आला, मग सौर तापक, आणि आता कुठे कुठे 'हीट पंप' येऊ लागला आहे. हा इतिहास सहसा सोयींचा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः तो विस्तव कोणी सांभाळायचा याचा इतिहास आहे.

बंबाची रचना साधी होती. पाण्याच्या पात्राच्या मधोमध एक उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर कोळसे, ढलप्या किंवा नारळाच्या करवंट्या. विस्तव मध्ये आणि पाणी भोवती असल्यामुळे उष्णता फारशी वाया जात नसे. अशी तांब्याची भांडी घडवणारे तांबट पेशवाईत कोकणातून येऊन कसबा पेठेत स्थिरावले. त्यांच्या मठारकामाचा ठोका तांबट आळीत आजही ऐकू येतो.

परंतु आठवणी लिहिणारा बहुधा ज्याला तयार कढत पाणी मिळाले तोच असतो. घर जागे होण्याआधी उठून राख काढणे, विस्तव पेटवणे, डोळ्यांत धूर घेत पाणी भरत राहणे ही कामे घरातली सून, एखादी आश्रित विधवा किंवा गडी करीत असे. कढत पाण्याचे स्मरणरंजन वाचताना आपण या हातांचा हिशेब क्वचितच मागतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले. पुढे वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहत गेल्या. त्यांच्या बंदिस्त न्हाणीघरांत धुराला वाव नव्हता; तेथे गिझर आला आणि विस्तव घरातून दिसेनासा झाला. दिसेनासा झाला, विझला मात्र नाही. तो कोराडीला आणि चंद्रपूरला गेला. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. म्हणजे तीच बादली तापवण्यासाठी दूर कोठेतरी कितीतरी अधिक कोळसा जळू लागला. घरातल्या बाईचे डोळे वाचले. धूर दुसऱ्याच्या गावावर गेला.

गच्चीवरच्या सौर तापकाने हा हिशेब पुष्कळसा फेडला, पण पावसाळ्यात आणि उंच इमारतींच्या अपुऱ्या गच्चीवर तो थकतो. तेथे हीट पंप उपयोगी पडतो. त्याचे तत्त्व विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्येच मांडले होते. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देते. ते उष्णता निर्माण करीत नाही, वाहून आणते. म्हणून एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटे उष्णता मिळते, आणि पुण्यासारख्या समशीतोष्ण हवेत ते सुखाने चालते. वीजकेंद्रात जे गमावले जाते, ते जवळपास तेवढेच येथे परत मिळते.

यात भाषेची एक गंमत दडलेली आहे. 'बंब' या शब्दाचे मूळ पोर्तुगीज 'बोंबा'त, म्हणजे पंपात, सांगितले जाते. 'आगीचा बंब' म्हणताना तो अर्थ आपण अजून जपतो. पाणी तापवणाऱ्या बंबात पंप कधीच नव्हता, नुसता विस्तव होता. आज विस्तव नाहीसा झाला आणि पंप खरोखरच आला.

वस्तू जाते, शब्द थांबतो आणि कधी कधी नव्या वस्तूची वाट पाहतो. आपण वाचकांनी मात्र शब्दापाशी थांबू नये. कढत पाण्याचे वर्णन समोर आले, की तो विस्तव कोणी फुंकला, एवढे विचारावे.