ओदालिस्क

ओदालिस्क : दृक्प्रत्ययवादी फ्रेंच चित्रकार प्येअर ओग्यूस्त रन्वार (१८४१–१९१९) याचे उमेदीच्या काळातील तैलचित्र. निर्मिती १८७०, आकार सुमारे ६९ × १२३ सेंमी. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधील चेस्टर डेल संग्रहात ते आहे.

‘ओदालिस्क’ हा शब्द तुर्की ‘ओदा’ म्हणजे खोली यावरून आला. मुळात तो जनानखान्यातील दासीचा वाचक. यूरोपीय चित्रकारांनी त्याला विलासी सुंदरीचा अर्थ चिकटवला. अल्जीरिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता आणि दलाक्र्वाच्या ‘अल्जीरियाच्या स्त्रिया’ (१८३४) या चित्राची रन्वारवर मोहिनी होती. तो स्वतः मात्र अल्जीरियाला प्रथम गेला १८८१ मध्ये. त्याआधी अकरा वर्षे हा देखावा त्याने पॅरिसमध्ये बसून रंगवला.

चित्रात उशांना रेललेली तरुणी भरजरी पोशाखात दिसते. झिरझिरीत वस्त्राखालून अंगकांती जाणवते. जरीची चमक, कमरपट्ट्याचा लाल रंग आणि गालिच्याची नक्षी मोकळ्या फटकाऱ्यांनी उतरली आहे. रन्वारचे वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी. कापडाचा पोत आणि त्याची पडण ओळखणारी नजर त्याला घरातच लाभली होती.

ही तरुणी म्हणजे लीझ त्रेओ (१८४८–१९२२), रन्वारची प्रेयसी व त्या काळातील त्याची सर्वांत आवडती मॉडेल. ‘छत्रीसह लीझ’ (१८६७) या चित्रात पांढऱ्या पोशाखात झाडाखाली उभी असलेली तरुणी तीच. १८७० च्या सालाँ या अधिकृत प्रदर्शनात ‘ओदालिस्क’ हे ‘अल्जीरियाची स्त्री’ या नावाने लागले, तेव्हा लीझ गरोदर होती. जुलैमध्ये मुलगी जान जन्मली. त्याच महिन्यात फ्रान्स-प्रशिया युद्ध पेटले आणि रन्वारला सैन्यात भरती व्हावे लागले. चित्रातील सुस्त, जड पापण्यांचा चेहरा ही वस्तुस्थिती माहीत असताना पाहिला, की तो जनानखान्याच्या कल्पनेतला उरत नाही. एका ओळखीच्या, जिव्हाळ्याच्या स्त्रीचा होतो.

याच विषयावरचे मोठे चित्र, ‘अल्जीरियन वेशातील पॅरिसच्या स्त्रिया’ (१८७२, सध्या टोकिओ), सालाँने नाकारले. त्याच वर्षी लीझने एका वास्तुविशारदाशी विवाह केला. त्यानंतर ती रन्वारच्या चित्रांत दिसत नाही. जानला मात्र तो गुपचूप मदत करीत राहिला.