पलटण, कापडगिरणी आणि भातगिरणी

पनवेलचा इतिहास सांगणारा हटकून १८५२ सालच्या नगरपालिकेपासून सुरुवात करतो. मग बंदर येते, बोरघाटाची वाट येते, इथली नावाजलेली बैलगाडीची चाके आणि १८७२ सालचा धूतपापेश्वरचा औषधी कारखाना येतो. या यादीत माझ्या वडिलांसारख्यांना जागा मिळाली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात पावसावरचे भाताचे एकच पीक. खाचरांच्या वाटण्या होत गेल्या की एक भाऊ शेतावर राही, एक मुंबईच्या गिरणीत जाई, एक पलटणीत. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे असेच मराठा पलटणीत गेले आणि १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे नाव ऐकतच माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची, पिढी वाढली. आप्पाही बेळगावला जाऊन भरती झाले. १९६५च्या लढाईत ते सीमेवर होते. त्याबद्दल विचारले की म्हणत, "थंडी फार होती गं," आणि उठून गोठ्याकडे जात.

पलटणीतून सुटल्यावर ते लालबागच्या एका कापडगिरणीत साच्यावर लागले, आधी बदली कामगार म्हणून. राहायला गाववाल्यांचा गाळा, जेवायला खानावळ. एकाची पाळी सुटली की त्याच्याच जागेवर दुसरा पथारी टाकी. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. त्याआधी पनवेलला घरी यायचे तर ठाण्याला वळसा पडे. तरी सुटी मिळाली की ते येत. आईच्या हातात पगार देत आणि आमच्या वह्या पाहायला बसत. साच्यांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते, म्हणून आम्ही धडे ओरडून वाचायचो.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आप्पा पनवेलला परतले आणि भातगिरणीत लागले. पोती उतरवायची, भात हलरमध्ये सोडायचे, तांदूळ, कणी आणि कोंडा वेगळा भरायचा. संध्याकाळी त्यांच्या भुवयांवरही तूस असे. त्या मजुरीवर आम्हा भावंडांची शिक्षणे झाली.

पण भातगिरणीला भात लागतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण, ठाण्याच्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. खाचरे मात्र गेली, आणि एकेक भातगिरणी थंडावली.

पुढे कापडगिरणी कामगारांना सोडतीने घरे मिळू लागली. त्यांसाठी अट होती ती १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर कामावर असल्याची. पुराव्याला हजेरीपास, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, विमा कार्ड चाले. डिसेंबर २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन गावातल्या २,४१७ घरांची सोडत निघाली, तेव्हा माणसांनी पत्र्याच्या पेट्या उपसल्या. आप्पांच्या पेटीतही पलटणीचे डिस्चार्ज बुक आणि गिरणीचे बदली कार्ड निघाले. भातगिरणीतल्या वर्षांचा एक चिटोराही नव्हता.

मला बोचते ते हेच. ज्या कामाचा कागद होता, त्याची पेन्शन, घर, निदान स्मारक तरी मागता आले. भातगिरणीतल्या हमालांना, कोंडा पाखडणाऱ्या बायांना मागायलाही आधार नाही. त्यांच्यातले काहीजण अजून हयात आहेत. त्यांना पोत्यामागे काय मिळे, मुकादम कोण होता, गिरणी कुठल्या साली बंद पडली, हे आता विचारून नाव-गावासह लिहून घेतले पाहिजे. नगरपालिकेच्या सालाइतकीच ती पनवेलची नोंद आहे.