भारतातला एकही पुरुष फुटबॉलपटू ‘मी गे आहे’ असं जाहीर का करत नाही?

‘झुंड’ पाहिला असेल, तर नागपूरचे विजय बारसे तुम्हाला ठाऊक असतील. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक असलेल्या बारसे सरांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. अमिताभ बच्चनमुळे ही गोष्ट घरोघरी पोहोचली. पण एक गोष्ट नागपूरकरांनाही फारशी माहीत नाही. 2016 मध्ये ‘फिफा’ने पहिल्यांदाच विविधतेसाठी पुरस्कार दिला आणि जगातल्या सगळ्या देशांमधून तो मिळाला नागपूरच्या ‘स्लम सॉकर’ला.

याच फिफाच्या घटनेत भेदभावाविरुद्ध कलम आहे. वंश, धर्म, भाषा, लिंग यांच्या सोबत त्यात ‘लैंगिक कल’ हा शब्दही आहे. म्हणजे खेळाडू समलिंगी आहे म्हणून त्याला वेगळी वागणूक देणाऱ्या संघटनेला फिफा निलंबित करू शकते, बाहेरही काढू शकते. कागदावर याहून कडक काय असणार?

तरीही इंडियन सुपर लीग, आय-लीग किंवा राष्ट्रीय संघात खेळणाऱ्या एकाही भारतीय पुरुष फुटबॉलपटूने आजवर आपण गे असल्याचं जाहीर केलेलं नाही. एवढ्या वर्षांत, एवढ्या खेळाडूंमध्ये गे कुणीच नव्हतं, हे कुणालाही पटणार नाही. मग ते आहेत कुठे?

जस्टिन फॅशनूचं काय झालं?

हे समजून घ्यायला आधी इंग्लंडला जावं लागेल, कारण फुटबॉलमधली भीती जिथून सुरू होते ती गोष्ट तिथली आहे.

जस्टिन फॅशनू हा दहा लाख पाउंडांची बोली लागलेला इंग्लंडचा पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. 1981 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला घेतलं तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता. तो गे लोकांच्या क्लबमध्ये जातो हे मॅनेजर ब्रायन क्लफ यांच्या कानावर गेलं आणि त्याचं संघासोबत सराव करणंच बंद झालं. क्लफ हे इंग्लिश फुटबॉलमधलं फार मोठं नाव आहे, आजही त्यांचे किस्से कौतुकाने सांगितले जातात. हा किस्सा त्यात सहसा नसतो.

ऑक्टोबर 1990 मध्ये फॅशनूने ‘द सन’ या वर्तमानपत्रातून आपण गे असल्याचं जाहीर केलं. असं करणारा तो जगातला पहिला मोठा व्यावसायिक फुटबॉलपटू. प्रेक्षक ओरडणार हे त्याने गृहीत धरलंच असेल. पण त्याचा सख्खा भाऊ जॉन, तोही नामांकित फुटबॉलपटू, त्याच्यापासून जाहीरपणे दूर झाला. पुढची वर्षं जस्टिन या क्लबमधून त्या क्लबमध्ये, या देशातून त्या देशात फिरत राहिला. 1998 मध्ये अमेरिकेत एका किशोरवयीन मुलाने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. फॅशनूने मृत्यूपूर्वी लिहिलेल्या चिठ्ठीत तो नाकारला होता. मे 1998 मध्ये लंडनमध्ये त्याने आत्महत्या केली. वय 37.

फॅशनूने जाहीर केल्यानंतर इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळत असताना ‘मी गे आहे’ असं सांगणारा पुढचा पुरुष खेळाडू किती वर्षांनी आला असेल? 32. मे 2022 मध्ये ब्लॅकपूल क्लबच्या जेक डॅनियल्सने हे जाहीर केलं तेव्हा तो 17 वर्षांचा होता. म्हणजे फॅशनू गेला तेव्हा जेकचा जन्मही झालेला नव्हता.

मधल्या काळात इतर देशांत काही जण बोलले. जर्मनीकडून 52 सामने खेळलेल्या थॉमस हिट्झल्सपर्गरने जानेवारी 2014 मध्ये सांगितलं, पण निवृत्तीनंतर. अमेरिकेच्या रॉबी रॉजर्सने 2013 मध्ये हे सांगतानाच खेळ सोडल्याचं जाहीर केलं. दोन्ही एकदम जमणारच नाही, असं त्याला वाटलं होतं. काही महिन्यांतच तो लॉस एंजेलिस गॅलेक्सीकडून मैदानात परतला आणि 2014 मध्ये लीगही जिंकला. ऑस्ट्रेलियाच्या जॉश कव्हालोने ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलं. जगभरातून अभिनंदन झालं आणि तीनच महिन्यांत एका सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्या नावाने गलिच्छ शेरेबाजी केली. फेब्रुवारी 2023 मध्ये चेक प्रजासत्ताकाचा याकुब यांक्तो बोलला. राष्ट्रीय संघाचा, खेळत असलेला आणि उघडपणे गे असलेला तो पहिला पुरुष खेळाडू.

मोजायला घेतलं तर दोन्ही हातांची बोटं जेमतेम भरतील. आणि हे त्या देशांमध्ये, जिथे समलिंगी लग्नं किंवा नोंदणीकृत जोडीदारी कायदेशीर आहे.

17 मे 2024: ठरलेला दिवस, पण कुणी आलंच नाही

जर्मनीचा माजी युवा खेळाडू मार्कुस अर्बन याने एक कल्पना मांडली. एकटा पुढे आला की त्याच्यावर सगळे तुटून पडतात, मग सगळ्यांनी एकाच दिवशी सांगितलं तर? दिवस ठरला 17 मे 2024, समलिंगीद्वेषाविरोधातला आंतरराष्ट्रीय दिवस. सगळ्या माध्यमांचं लक्ष त्याकडे होतं. खेळत असलेला एकही व्यावसायिक फुटबॉलपटू पुढे आला नाही.

आपण गे असल्याचं सांगणाऱ्याचं धाडस कमी पडतं, असं यावर सहज म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. पेनल्टीला उभं राहताना लाखो लोकांचा दबाव झेलणाऱ्या माणसात धाडसाची कमतरता नसते. तो हिशेब करतो. फुटबॉलपटूचं करिअर दहा-बारा वर्षांचं. त्यात तो कुठल्या देशात, कुठल्या क्लबमध्ये जाईल हे त्याच्या हातात नसतं. 2022 चा विश्वचषक झाला कतारमध्ये, 2034 चा होणार सौदी अरेबियात. दोन्हीकडे समलिंगी संबंध गुन्हा आहेत. कतारमध्ये युरोपातल्या सात संघांचे कर्णधार रंगीबेरंगी ‘वन लव्ह’ दंडपट्टी बांधणार होते. बांधाल तर मैदानावर शिक्षा होईल, पिवळं कार्डही मिळू शकेल, असा इशारा फिफाने दिला आणि सगळ्यांनी पट्ट्या खिशात ठेवल्या. पहिल्या सामन्याआधी जर्मन खेळाडूंनी तोंडावर हात ठेवून फोटो काढला, बस्स. भेदभावाविरुद्ध कलम लिहिणारी संघटना आणि इशारा देणारी संघटना एकच.

मग महिला फुटबॉलमध्ये हे कसं जमतं?

2019 च्या महिला विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरली अमेरिकेची मेगन रॅपिनो. ती लेस्बियन आहे हे साऱ्या जगाला आधीच माहीत होतं. ऑस्ट्रेलियाची सॅम कर, डेन्मार्कची पर्निल हार्डर, अशी नावं काढत गेलो तर यादी लांबतच जाईल. यातली प्रत्येक जण खेळत असतानाच मोकळेपणाने जगली.

चेंडू तोच, मैदान तेवढंच, नियम तेच. म्हणजे अडचण खेळात नाही. महिला फुटबॉल अनेक देशांत दशकानुदशकं बंद किंवा दुर्लक्षित होतं. ज्या मुली तरीही खेळल्या, त्यांनी ‘मुलीला हे शोभत नाही’ ही पहिली भिंत आधीच ओलांडली होती. पुरुष फुटबॉलमध्ये उलटं आहे. तिथे खेळणं म्हणजेच मर्दपणा सिद्ध करणं, असं लहानपणापासून शिकवलं जातं. आपल्याकडे मैदानावर पोरगा टॅकलला घाबरला की कोच काय ओरडतो? ‘बायल्या आहेस का?’ ‘छक्का’ या शब्दाचं तर नवलच आहे. क्रिकेटमध्ये बसला की टाळ्या, माणसाला म्हटला की शिवी. ही शिवी देणाऱ्याच्या मनात द्वेष असेलच असं नाही. पण त्याच संघात गप्प बसलेल्या एका मुलाला तेवढ्यावरून कळतं की इथे आपण काही बोलायचं नाही.

भारतात कुणीच बोललं नाही का?

बोललं, पण फुटबॉलबाहेर. मे 2019 मध्ये ओडिशाची धावपटू द्युती चंद हिने आपण एका मुलीसोबत नात्यात असल्याचं सांगितलं. भारतातली ती पहिली उघडपणे समलिंगी खेळाडू. घरातूनच ब्लॅकमेल होत असल्यामुळे बोलावं लागलं, असं तिने तेव्हा सांगितलं होतं. 2021 मध्ये तिने 100 मीटरचा राष्ट्रीय विक्रम 11.17 सेकंदांवर आणला. पुढे उत्तेजक द्रव्य चाचणीत ती अडकली आणि तिच्यावर बंदी आली, तो वेगळा विषय. सोशल मीडियावर मात्र दोन्ही गोष्टींची सरमिसळ करून तिला ट्रोल केलं गेलं.

फुटबॉलमध्ये पाऊल टाकलं ते मणिपूरने. इम्फाळच्या ‘या-ऑल’ या संस्थेने 2020 मध्ये ट्रान्स पुरुषांचा संघ उभा केला. इथे एक फरक लक्षात ठेवा, कारण कमेंटमध्ये नेहमी गोंधळ होतो. गे किंवा लेस्बियन म्हणजे आकर्षण कुणाबद्दल वाटतं ते, आणि ट्रान्सजेंडर म्हणजे स्वतःची लिंगओळख काय आहे ते. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पुढे दिसेल की कायदाही त्यांना वेगळं मानतो.

नागपूरच्या खेळाडूपुढचा हिशेब

नागपूर-कामठीला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. कामठीचा रब्बानी क्लब असो की रेल्वेचा संघ, स्थानिक लीगला गर्दी होते. इथून खेळणाऱ्या मुलाचं स्वप्न बहुतेकदा एकच असतं, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी. रेल्वे, पोलीस, बँक, काहीही. घरात पहिला पगार त्याच मार्गाने येणार असतो. त्यासाठी निवड समिती, कोच, जिल्हा संघटना, सगळ्यांच्या नजरेत नीट बसावं लागतं. दौऱ्यावर एका खोलीत चार-सहा जण झोपतात. अंघोळ, कपडे बदलणं, प्रवास, सगळं एकत्र. अशा ठिकाणी ‘मी गे आहे’ हे वाक्य म्हणजे कदाचित पुढच्या निवडीतून वगळलं जाणं. कारण कुणीच देणार नाही, यादीत फक्त नाव नसेल.

शहर बदलत नाही असं नाही. नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’ गेली अनेक वर्षं या समुदायासोबत काम करतोय, प्राइड मोर्चे निघाले आहेत. डिसेंबर 2021 मध्ये दोन महिला डॉक्टरांनी इथेच नातेवाईक आणि मित्रमंडळींसमोर एकमेकींना अंगठ्या घातल्या, ती बातमी देशभर गाजली. पण डॉक्टर आणि खेळाडू यांच्यात मोठा फरक आहे. डॉक्टर स्वतःचा दवाखाना टाकू शकते. खेळाडूला अकरा जणांत कुणीतरी निवडावंच लागतं.

कायदा कुणाच्या बाजूने आहे?

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींमधले, संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. लैंगिक कलावरून भेदभाव हा राज्यघटनेच्या कलम 15 चा भंग ठरतो, असंही त्याच निकालात आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये समलिंगी विवाहाला मात्र मान्यता मिळाली नाही.

आता गंमत बघा. कलम 15 मधली ही हमी प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागता येते. म्हणजे रेल्वेत नोकरी करणाऱ्या गे फुटबॉलपटूला भेदभाव झाला तर थेट उच्च न्यायालयात जाता येईल. कोट्यवधींच्या खासगी क्लबकडून खेळणाऱ्याला मात्र लैंगिक कलाच्या आधारावर संरक्षण देणारा स्वतंत्र कायदाच नाही. 2019 च्या ट्रान्सजेंडर कायद्यात नोकरीतल्या भेदभावाला मनाई आहे, पण ती ट्रान्स व्यक्तींपुरती. गे खेळाडू त्यात बसत नाही. जितका मोठा क्लब, तितकं कमी कायदेशीर कवच, अशी ही उलटी तऱ्हा आहे.

‘तो कोण असेल?’ असं विचारण्याआधी

अशा लेखाखाली हमखास येणारी कमेंट म्हणजे नावांचे अंदाज. अमुक खेळाडूचं लग्न झालं नाही, तमुकाची चाल बघा. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आहे. तो सांगायचा की नाही हे त्या माणसाने ठरवायचं. कुणी फोटो किंवा चॅट उघड करण्याची धमकी देऊन पैसे मागत असेल, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 308 खालची खंडणी आहे. धमकी मिळालेल्याने काही गुन्हा केलेला नसतो, त्यामुळे पोलिसांत जायला त्याने घाबरायचं कारण नाही.

‘बरा’ करण्यासाठी डॉक्टरकडे नेणाऱ्या पालकांनी हेही माहीत करून घ्यावं की समलिंगी असणं हा आजार नाही, आणि अशी ‘कन्व्हर्जन थेरपी’ देणं हे 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. मनावर ताण असह्य होत असेल तर सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर मोफत आहे.

आणि संघातल्या एखाद्याने तुमच्यापाशी मन मोकळं केलंच, तर पहिलं काम म्हणजे ते तिसऱ्याला न सांगणं. जेक डॅनियल्सने जगाला सांगण्याआधी आई, बहीण, मग क्लब आणि सहकारी अशा क्रमाने सांगितलं होतं. आई आणि बहिणीला सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी अॅक्रिंग्टनविरुद्ध सामना होता. त्यात त्याने चार गोल केले.