कॅन्सल, चान्सलर आणि चर्चमधली जाळी

रेल्वेचं तिकीट ‘कॅन्सल’ होतं आणि विद्यापीठाला ‘चान्सलर’ असतो. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, आणि ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या गावचर्चमध्ये शिरावं. लॅटिनमध्ये ‘कान्सेल्ली’ म्हणजे गजांची जाळी. रोमन न्यायालयात अशी जाळी असे आणि तिच्यापाशी उभा राहणारा सेवक तो ‘कान्सेल्लारियस’. हा हुद्दा चढत चढत राजाच्या चिटणिसापर्यंत गेला, विद्यापीठांत शिरला, जर्मनीत तर सरकारच्या प्रमुखापर्यंत पोचला. लिहिलेला मजकूर रद्द करायला त्यावर आडव्यातिडव्या रेघा मारल्या की जाळीच उमटते. ते झालं ‘कॅन्सल’. चर्चमध्ये वेदीकडची बाजू जाळीदार पडद्याने लोकांपासून वेगळी केलेली असे, म्हणून त्या बाजूचं नाव ‘चान्सेल’.

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये शेक्सपिअर पुरलेला आहे तो चान्सेलमध्येच, वेदीच्या जवळ. नाटकं गाजली म्हणून हा मान मिळाला असं वाटतं, पण मामला व्यवहाराचा होता. १६०५ साली त्याने ४४० पौंड मोजून तिथल्या धर्मदशांशाच्या उत्पन्नातला वाटा विकत घेतला होता, आणि त्या वाट्यामुळे तो चान्सेलमध्ये पुरलं जाण्याचा हक्कदार ठरला. त्याच चान्सेलमध्ये पंधराव्या शतकातली लाकडी आसनं आहेत. बसायची फळी वर उचलली की तिच्या खालच्या अंगाला कोरीव टेकू दिसतो. प्रार्थना लांबली की उभ्या धर्मगुरूने त्यावर हळूच बूड टेकवायचं. लोकांना दिसायला तो उभाच! या टेकूला म्हणतात ‘मिझरिकॉर्ड’, लॅटिनमध्ये दया. वेदीपासून इतक्या जवळ असूनही सुतारांनी या टेकूंखाली संतांपेक्षा माकडं, जलपऱ्या आणि नवराबायकोची भांडणं जास्त कोरली. फळी खाली केली की ती दिसणार कुणाला?

चान्सेलमधून बाहेर आलं की लोकांची बाजू लागते, ती ‘नेव्ह’. लॅटिन ‘नाविस’ म्हणजे जहाज. श्रद्धावंतांना वादळातून पार नेणारं जहाज, ही ख्रिस्ती धर्मातली जुनी प्रतिमा. उलट्या होडीसारख्या दिसणाऱ्या लाकडी छतावरून नाव पडलं असंही सांगतात. भवसागर तरून जाण्याची भाषा मराठी वाचकाला नवी नाही, आणि गंमत म्हणजे इथे शब्दसुद्धा घरचाच आहे. ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौ’ ही एकाच कुळातली भावंडं. आपली नाव, नाविक, नौदल सगळी त्याच घरातली. पण इंग्रजीत दुसराही एक ‘नेव्ह’ आहे: चाकाचा तुंबा, जिथे आरे रोवलेले असतात. स्पेलिंग तेच, उच्चारही तोच, घराणं मात्र वेगळं. तो जुन्या इंग्रजीतल्या ‘नाफू’पासून आला आणि त्याचं नातं आपल्या ‘नाभी’शी. म्हणजे इंग्रजांनी नौ आणि नाभी एकाच कपड्यात उभी केली.

नेव्हच्या दोन्ही अंगांना खांबांपलीकडे असतात त्या ‘आइल’. लॅटिन ‘आला’, म्हणजे पंख. याच्या स्पेलिंगातला मुका ‘एस’ फुकटचा आहे. बेटाला इंग्रजीत ‘आइल’च म्हणतात, त्यातला ‘एस’ लॅटिन ‘इन्सुला’कडून हक्काने आलेला. लिहिणाऱ्यांनी पंख आणि बेट यांची गल्लत केली आणि पंखाला बेटाचं अक्षर कायमचं चिकटलं. नवरी ‘आइल’मधून चालत वेदीकडे जाते असं म्हणतात, पण बहुतेक चर्चमध्ये ती नेव्हच्या मधोमध चालत असते. पुढे बाकांमधल्या कोणत्याही वाटेला हा शब्द लागू झाला, आणि आज आपणही विमानात ‘आइल सीट’ मागतो.

ते बाक म्हणजे ‘प्यू’. सुरुवातीला सर्वांसाठी बाक नव्हते. लोक उभे राहत नाहीतर गुडघे टेकत. ‘प्यू’ हा आधी कुणा प्रतिष्ठिताचा उंचावरचा, कठड्याचा कप्पा. जुन्या फ्रेंचमधल्या ‘प्वी’मार्गे तो लॅटिन ‘पोदियम’पर्यंत जातो आणि तिथून ग्रीक ‘पोदिओन’पर्यंत, म्हणजे छोटा पाय. त्यातला पायवाचक धातू आणि संस्कृत ‘पाद’ सख्खे. मराठी ‘पाय’ पादाचाच. बसायच्या जागेचं नाव असं पायावर उभं आहे.

अशी जुनी नाती आणखीही आहेत. धर्मगुरू झगे चढवतो ती खोली ‘व्हेस्ट्री’. लॅटिन ‘व्हेस्टिस’ आणि संस्कृत ‘वस्त्र’ एकाच धातूचे. या खोलीत गावकऱ्यांची सभा भरे, म्हणून सभेलाही ‘व्हेस्ट्री’च म्हणू लागले. गोरगरिबांची मदत, रस्ते, करवसुली असला कारभार तिथे चाले. ग्रामीण इंग्लंडमध्ये १८९४च्या कायद्याने त्यातला उरलासुरला भाग पॅरिश कौन्सिलांकडे गेला. कपडे बदलायच्या खोलीने ग्रामपंचायत चालवली म्हणायची! आणि वेदीजवळच्या फळ्यांवर रंगवलेला ‘क्रीड’, म्हणजे धर्ममताचा जाहीरनामा, लॅटिन ‘क्रेदो’पासून आला. ‘क्रेदो’ आणि ‘श्रद्धा’ यांचं मूळ एक, याबद्दल भाषाशास्त्रज्ञांत फारसा वाद नाही.

एक शब्द मात्र आपल्याकडे समुद्रावरून आला. चान्सेलच्या भिंतीत पवित्र भांडी ठेवायचा एक कोनाडा असतो, लाकडी दाराचा. त्याचं नाव ‘ऑम्ब्री’, लॅटिन ‘आर्मारियम’पासून: सामान, हत्यारं ठेवायची जागा. हाच ‘आर्मारियम’ पोर्तुगीजांच्या तोंडून भारतात उतरला आणि ‘अलमारी’ झाला. म्हणजे व्हेस्ट्री आणि वस्त्र यांचं नातं हजारो वर्षांपूर्वीचं, तर ऑम्ब्री आणि अलमारी यांचं चारपाचशे वर्षांचं, व्यापारी गलबतांवर जुळलेलं. पहिलं नातं वारशाचं, दुसरं उसनवारीचं.

आता जिथे नातं नाही तिथलीही गोष्ट पाहू. घंटेचा मनोरा ‘बेलफ्री’ आणि घंटा ‘बेल’; यात व्युत्पत्ती ती काय शोधायची? पण ‘बेलफ्री’चा घंटेशी मुळात काही संबंध नव्हता. जुन्या फ्रेंचमध्ये तो होता ‘बेरफ्रै’, किल्ल्याच्या तटाला भिडवायचा लाकडी मनोरा. मूळ जर्मानिक, अर्थ रक्षणाचा. पुढे ‘र’चा ‘ल’ झाला, इंग्रजांच्या कानाला त्यात ‘बेल’ ऐकू आली आणि शब्द घंटेच्याच मनोऱ्यापुरता उरला. इथे चुकीच्या व्युत्पत्तीने शब्दाचा अर्थच ठरवून टाकला.

तसाच ‘फाँट’. दारापाशी असलेलं बाप्तिस्म्याचं दगडी पात्र म्हणजे ‘फाँट’, लॅटिन ‘फोन्स’, झरा. लोक त्यातलं पाणी जादूटोण्यासाठी चोरत, म्हणून १२३६ साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी पात्रांना कुलूपबंद झाकणं बसवायचा हुकूम काढला. जुन्या पात्रांच्या काठावर कडीकोयंड्याचे खड्डे आजही बोटाला लागतात. संगणकावर आपण निवडतो तो मराठी ‘फाँट’ मात्र या झऱ्याचा कुणी नाही. तो फ्रेंच ‘फोंद्र’चा, म्हणजे धातू वितळवून ओतण्याचा. छापखान्याचे खिळे ओतत, त्याची ती आठवण.

यादी लक्षपूर्वक पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वास्तू आणि विधी यांची नावं बहुतेक लॅटिन-फ्रेंच. अस्सल जुन्या इंग्रजीतले शब्द जास्त करून दाराबाहेर किंवा जमिनीजवळ. निमुळता मनोरा ‘स्टीपल’ त्यांचा, घंटा ‘बेल’ त्यांची. आवाराच्या तोंडाशी छपराची कमान असते ती ‘लिचगेट’. ‘लिक’ म्हणजे प्रेत. शवपेटी तिथे विसावायची आणि धर्मगुरू सामोरा यायचा. गुडघ्याखाली घ्यायची गादी ‘हॅसक’, मूळ अर्थ जाड गवताचा झुबका. हा नियम नव्हे. वेदीसमोरचा क्रूस ‘रूड’ हाही अस्सल इंग्रजीच. पण धर्मगुरूची भाषा कोणती आणि गुडघे टेकणाऱ्याची कोणती, हे एवढ्यावरूनही कळतं.

राहता राहिला खुद्द ‘चर्च’. ग्रीक ‘क्युरिआकोन’, म्हणजे प्रभूचं. पोर्तुगीजांनी मात्र दुसरा ग्रीक शब्द धरला: ‘एक्लेसिया’, नागरिकांची सभा. त्याचा झाला ‘इग्रेजा’, गोव्यात ‘इगर्ज’ आणि हिंदीत ‘गिरजा’घर. गिरिजेचा त्याच्याशी काही संबंध नाही. मराठी बायबलने याच ‘एक्लेसिया’ला ‘मंडळी’ म्हटलं, आणि ते अर्थाला धरून आहे. इंग्रजांच्या शब्दात मालक दिसतो, आपल्या शब्दात जमलेली माणसं.

‘हा शब्द आपल्याच अमुक शब्दावरून गेला’ असं छातीठोक सांगणारे संदेश रोज फिरत असतात. नौ आणि नेव्ह जुळतात, अलमारी आणि ऑम्ब्री जुळतात. बेल आणि बेलफ्री जुळत नाहीत, गिरिजा आणि गिरजा जुळत नाहीत. कानाला चारही जोड्या सारख्याच खऱ्या वाटतात. म्हणून असा संदेश आला तर पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा: हा शब्द तिथे कुणाच्या तोंडून गेला, आणि कोणत्या वाटेने?