जंजिरा

जंजिरा : महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील जलदुर्ग व त्याच नावाचे पूर्वीचे संस्थान. मुरूडच्या दक्षिणेस राजपुरी खाडीच्या मुखाशी असलेल्या बेटावर हा किल्ला उभा आहे. येथे आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. त्यांचा प्रमुख राम पाटील याच्याकडून निजामशाही सरदार पिरमखानाने तो कपटाने घेतला, अशी परंपरा आहे. दगडी तटबंदी नंतरची. महाद्वाराजवळच्या शिल्पात एका हिंस्र श्वापदाने पंजांत हत्ती पकडलेले दिसतात. आत गोड्या पाण्याची तळी असल्याने वेढा पडला तरी शिबंदीला पाण्याची ददात नसे.

सतराव्या शतकात आफ्रिकी वंशाचे सिद्दी येथे जवळजवळ स्वतंत्रपणे राज्य करू लागले. १६७० नंतर त्यांनी मोगलांचे आरमारी सरदारपद पत्करले. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग बांधला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात सेतू घालण्याचा प्रयत्न केला. तरीही किल्ला पडला नाही.

सिद्दींचा महसूल मात्र किनाऱ्यावरच्या मुलखातून येई, आणि ऱ्हासही तेथूनच सुरू झाला. दक्षिणेस अंजनवेल व गोवळकोटपर्यंत त्यांचा अंमल होता. लोटे (ता. खेड, जि. रत्नागिरी) गावाच्या दक्षिणेकडील घाटात परशुराम क्षेत्र आहे. तेथील ब्रह्मेंद्रस्वामींना जंजिऱ्याच्या सिद्दीने पेढे व आंबडस ही गावे इनाम दिली होती. पुढे एका हत्तीच्या प्रकरणावरून वितुष्ट आले आणि १७२७ च्या महाशिवरात्रीला गोवळकोटच्या सिद्दी सात याने परशुराम मंदिर लुटले. स्वामी साताऱ्याजवळ धावडशीस गेले. छत्रपती शाहू व पेशवे त्यांना गुरुस्थानी मानत. त्यामुळे सिद्दीच्या पारिपत्याचा त्यांचा आग्रह साताऱ्याच्या दरबारात वजनदार ठरला.

१७३३ मध्ये सिद्दी रसूल वारल्यावर वारसांत तंटा लागला. ती संधी साधून बाजीराव पेशव्यांनी मोहीम काढली. रायगड मराठ्यांकडे परत आला आणि तहाने अकरा महालांचा महसूल निम्मा निम्मा वाटला गेला. १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात पडला. १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी अंजनवेल व गोवळकोट घेतले. तेच गोपाळगड व गोविंदगड. १७९१ मध्ये वारसदार बाळूमियाने सुरतेजवळच्या सचिनच्या मोबदल्यात जंजिऱ्यावरील हक्क पेशव्यांना लिहून दिला, तरी बेट त्यांच्या हाती आले नाही.

मराठ्यांना लढून जे साधले नाही, ते इंग्रजांनी कागदोपत्री साधले. १८३४ मध्ये जंजिरा आपल्या सार्वभौमत्वाखाली असल्याचे जाहीर करून त्यांनी हिणकस नाण्यांच्या कारणावरून टांकसाळ बंद केली. १८७० च्या सुमारास नवाबाचे फौजदारी अधिकार काढून घेऊन मुरूडला इंग्रज अधिकारी बसवला. नवाबाची गादी राहिली; नाणे आणि न्याय मात्र गेले. तटाचा एकही बुरूज न पाडता एक राज्य संपते कसे, हे जंजिऱ्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

स्वातंत्र्यानंतर नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आदींच्या पुढाकाराने प्रजेने विलीनीकरणाचा लढा उभारला. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याचा भाग झाले. त्याचे काठेवाडातील जाफराबाद सौराष्ट्रात गेले.